कुलूपबाई

सकाळी पेपर हातात पडला की कुलूपबाई पहिल्या पानाकडे बघायच्याच नाहीत. थेट आतलं पान उघडायचं, चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचा आणि निधनवार्तांवरून बोट फिरवायला सुरुवात. मग बदल्या. मग सेवानिवृत्तीचे सत्कार. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या कचेरीतला माणूस त्यात सापडला की बाई एक बोट त्याच्या नावावर ठेवायच्या, दुसऱ्या हातानं कीबोर्ड ओढायच्या आणि त्याचं सर्व्हरवरचं खातं बंद करून टाकायच्या. चहा त्यानंतर.

एकदा एका तालुक्याचा बाबू वारला. त्याचा मित्र दुसऱ्या दिवशी फोनवर तणतणत होता. "बाई, राख सावडाची हाय अजून त्याची, आन् तुम्ही खातं उडवलं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, उद्या त्याच्या नावानं कोणी काई उद्योग केला तं तो सांगाले येणार हाय का, मी नोहोतो म्हणून? मेल्या माणसाची अब्रू राखाले मले एवढंच जमते."

त्यांचं आडनाव गावंडे. माहेर बाभुळगावचं. वडील कचेरीत कारकून, आजोबा कचेरीत कारकून. त्यामुळे शाईच्या वासाचं आणि साहेबाच्या आवाजाचं त्यांना काही वाटत नसे. कुलूपबाई हे नाव तालुक्यांनी ठेवलेलं. ते त्यांना माहीत होतं. फोनवर एखादा नवा माणूस चुकून "कुलूपबाई आहेत का" म्हणाला, तरी त्या "बोलून राह्यली" म्हणायच्या.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला कशाचंच समाधान नव्हतं. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त. वडील मास्तर, सुट्टीच्या दिवशी पत्रकं लिहायचे, मी घड्या घालायचो. वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकलो. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच, असं मला बराच काळ वाटत होतं. अशा मला यवतमाळच्या एका कचेरीत कंत्राटी ऑपरेटरची नोकरी लागली आणि बाईंच्या समोरची खुर्ची मिळाली.

कापसाची ती वाईट वर्षं. एका वर्षी लाल्या रोगानं पऱ्हाटी उभ्या उभ्या तांबडी पडायची, दुसऱ्या वर्षी पाऊस दडी मारायचा. मग पाहणी. पाहणीनंतर याद्या. कुणाच्या वावरात काय उरलं, याच्या गावागावांच्या याद्या तालुक्याला टाइप व्हायच्या, संध्याकाळी पाचपर्यंत आमच्या सर्व्हरवर यायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वर जायच्या. मदत यादीवरून. यादीत नाव असलं तर माणूस आहे, नसलं तर नाही. मला त्या याद्यांचा संताप यायचा. बाईंना त्यांची काळजी वाटायची.

सर्व्हर म्हणजे जुन्या रेकॉर्डच्या खोलीतलं एक करड्या रंगाचं खोकं. टेबलाखाली घुशी, म्हणून ते टेबलावर. मे महिन्यात खोलीत एकच कूलर असायचा आणि त्याचं तोंड बाईंनी खोक्याकडे केलेलं. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "तुले घाम आला तं तू पुसतं. त्याले हात हायेत का?"

त्यांचं खरं भांडण होतं ते आमच्या माणुसकीशी. आमच्याकडे पासवर्ड न सांगणं म्हणजे घरी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. तालुक्याच्या प्रत्येक कचेरीत एकच खातं, एकच पासवर्ड, आणि तो मॉनिटरच्या कपाळावर चिठ्ठी करून चिकटवलेला. ज्याला वेळ असेल तो यादी पाठवायचा. एका ठिकाणी तर दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा त्या चिठ्ठीलाही हळदकुंकू वाहिलेलं बाईंना दिसलं. त्यांनी आधी नमस्कार केला, मग चिठ्ठी फाडली.

एसटीनं तालुके पालथे घालून त्यांनी प्रत्येक माणसाचं वेगळं खातं केलं. फायली पाठवायची जुनी पद्धत बंद केली. त्याचं कारण त्या असं सांगायच्या: "हे पोस्टकार्ड हाय. पोस्टमन वाचते, पोस्टमनची सासूबी वाचते. आता आपण बंद पाकीट पाठवू, लाख लावून." प्रत्येकाला फक्त आपल्या तालुक्याच्या फोल्डरमध्ये लिहिता येईल अशी सोय केली. "धुऱ्यावर उभं राहून दुसऱ्याचं पीक पाहाले हरकत नाई. पण औत घालाचं ते आपल्याच वावरात."

एका तालुक्याचे साहेब चिडले. "गावंडेबाई, मी इथला प्रमुख. माझ्या ऑपरेटरला यादी बदलता येते आणि मला नुसती दिसते? हा माझा अपमान आहे."

"साहेब, एसटीत पहिलं शीट तुमचंच राह्यते," बाई म्हणाल्या. "पण स्टेअरिंग ड्रायव्हरच्याच हाती देतात न?"

साहेब हसले नाहीत. त्यांच्या कचेरीतून बाईंना चहा मिळाला नाही. बाईंनी स्टँडवर येऊन आलूबोंडा खाल्ला आणि पुढच्या गाडीत बसल्या.

माझं आणि त्यांचं जमत नव्हतं ते एका मुद्द्यावर. मी एकदा तावातावानं म्हणालो, "बाई, या जनतेच्या याद्या आहेत. त्या कुलपात ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? सगळं खुलं पाहिजे!"

"आंधी स्टुलावरून खाली उतर," बाई म्हणाल्या. मी खुर्चीवरच बसलो होतो. "वाचाले सगळे, लिहाले एक. एवढंच हाय माह्यं. तू दोन्हीची खिचडी करून राह्यला."

आणि खरंच, रोज पाच वाजून गेले की बाई आलेल्या याद्या छापायच्या, घरून डब्यात आणलेली खळ घ्यायच्या आणि कचेरीबाहेरच्या भिंतीवर स्वतः चिकटवायच्या. असा आदेश कुणी दिला नव्हता. मला ते दिसत होतं. पण बाविसाव्या वर्षी माणूस समोरच्याची भिंत बघतो, तिच्यावर काय चिकटवलंय ते बघत नाही.

झरी जामणीकडचा ऑपरेटर होता टेकामभाऊ. कोलाम, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. त्याच्या पोडातून, म्हणजे कोलामांच्या वस्तीतून, कचेरीच्या खुर्चीवर बसलेला तो पहिला माणूस. तिकडे वीज मनात येईल तेव्हा यायची, त्यामुळे यादी पाठवणं म्हणजे शिकारीसारखं काम. मुकुटबनपर्यंत येऊनही तो यादी पाठवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन यायचाच.

"बाई, पोचली का?"

"पोचली ना बाप्पा. घे मोजून."

मग बाई नावांची संख्या आणि यादीतलं शेवटचं नाव वाचून दाखवायच्या आणि तो "बरोब्बर" म्हणायचा. या बरोब्बरवर आम्ही हसायचो. बाई हसायच्या नाहीत.

एका सकाळी त्यांनी शेवटचं नाव वाचलं आणि पलीकडून बरोब्बर आलंच नाही.

"बाई, आखीन एकदा वाचा."

बाईंनी वाचलं.

"हे नाव म्या टाइपच नाई केलं," टेकामभाऊ म्हणाला. "शेवटी आमच्या पोडाचे लोकं होते."

बाई उठून बाहेर गेल्या आणि भिंतीवरचा कालचा कागद खळीसकट सोलून घेऊन आल्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. संख्या तीच. पण एका कोलाम पोडाची सगळीच्या सगळी नावं गेली होती आणि त्यांच्या जागी एका मोठ्या गावातली नावं बसली होती. सर्व्हरवर त्या दोन याद्यांच्या मध्ये एक संध्याकाळ होती, बाकी काही नाही.

बाईंनी लॉग उघडला. सर्व्हरवर कोण केव्हा आलं आणि कशाला हात लावून गेलं, ते तिथं आपोआप लिहिलं जातं. बाई त्याला पावलं म्हणायच्या. "वाघरू दिसत नाई, पाऊल दिसते." त्या दिवशी त्या खाली वाचत गेल्या, एका ओळीवर थांबल्या आणि मॉनिटर माझ्यापासून वळवला. इतक्या महिन्यांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"कुणाचं पाऊल, बाई?"

"दोन दिवस दे मले."

पण दुपारी वर जाणारी यादी अडवायची तर साहेबांना सांगणं भागच होतं, आणि वरच्यांनी दोन तासही दिले नाहीत. फोल्डर टेकामचं, यादीखाली तयार करणारा म्हणून नाव टेकामचं, मग हात कुणाचा, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. "चोरानंच बोंब मारली," असं आमचे साहेब व्हरांड्यात सर्वांसमोर म्हणाले. टेकामभाऊला नोटीस निघाली. खुलासा पटला नाही तर कामावरून कमी, आणि वर पोलिसात तक्रार. दुरुस्त यादी वर पाठवायला चार दिवसांची मुदत होती. पण चौकशी होईपर्यंत खरी यादी कोणती हेच ठरत नव्हतं. म्हणजे त्या चार दिवसांत कुणी तोंड उघडलं नाही, तर एक पोड कागदावरून कायमचं उठणार होतं आणि ते उठवल्याचा डाग पोडातल्याच माणसावर बसणार होता.

टेकामभाऊ मिळाली त्या गाडीनं त्याच दुपारी आला. मांडीवर पिशवी घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला. मी त्याला चहा आणून दिला.

"पोडात सांगितलं का?" मी विचारलं.

"काय सांगू? मीच म्हनलो होतो त्याइले, कोनी घाबरू नका, आता यादी आपल्या हातची हाय." त्यानं चहा तसाच धरून ठेवला. "आता म्हाताऱ्या मले पुसतील, काहून गा, आमचे नावं तुले जड झाले काय?"

मी तडक आत गेलो. "बाई, लॉग द्या मला. आत्ता."

"नाई देत."

"तो बाहेर बसलाय!"

"मले दिसते तो."

"मग तुम्ही कुणाला वाचवताय?"

बाई उठल्या. कूलरचं पाणी बघू लागल्या. कूलर भरलेला होता.

मला कारण माहीत आहे असं मला वाटलं. त्याच महिन्यात बाईंना कायम करायची फाईल वर गेली होती. आठ वर्षं कंत्राटावर काढल्यावर ती फाईल हलली होती. असल्या वेळी कोण तोंड उघडतं? सगळे सारखेच. दुसऱ्या दिवशी मी पिवळ्या कागदावर पत्रक छापून घेतलं. मथळा, 'कुलपाआड कोण?' पोडाची नावं गिळणारे, त्यांच्यावर पांघरूण घालणारी बाई, कायम होण्याच्या लोभापायी विकलेली जीभ, असं बरंच काही होतं त्यात. खाली लिहिलं, 'एक जागरूक नागरिक'. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर, कचेरीच्या फाटकावर आणि चहाच्या टपऱ्यांवर मी ते वाटून टाकलं आणि साळसूदपणे कामाला आलो.

बाईंच्या टेबलावर पाण्याच्या पेल्याखाली पिवळा कागद होता.

"तूच लिहिलं न?"

"कशावरून?"

"एवढे उद्गारचिन्ह जिल्ह्यात आखीन कोण मारते?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच मला जास्त अस्वस्थ केलं. "बस. लॉग पाहाचा होता न तुले? पाह्य."

त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. संध्याकाळी सहाच्या पुढे कुणीतरी झरीच्या फोल्डरमध्ये शिरून यादी बदलून गेलं होतं. खातं टेकामचं नव्हतं. खातं वानखडेकाकांचं होतं.

वानखडेकाकांना मी पाहिलेलं नव्हतं. नाव मात्र रोज ऐकायचो. बाईंना कीबोर्डवर बोटं ठेवायला त्यांनी शिकवलं होतं, हा सर्व्हर त्यांनी उभा केला होता, म्हणून त्यांच्या खात्याला सगळ्या तालुक्यांत शिरायचा अधिकार होता. मी लागण्याच्या तीन वर्षं आधी ते वारले होते.

"पण हे बंद..." मी म्हणालो.

"नाई केलं." बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. "पेपरात बातमी मीच वाचली. सकाळीच. बोट ठेवलं नावावर. पण हात नाई गेला. खात्याइच्या यादीत त्याइचं नाव पह्यलं होतं. ते काढलं असतं तं पह्यलं माह्यं आलं असतं."

"पासवर्ड कुणाला माहीत होता?"

"कोणाले नव्हता? काका कोणाले नाई म्हनत नव्हते. साऱ्या तालुक्याले देऊन ठेवला होता, अडलं तं वापरा म्हणून. पोरीचं नाव होतं त्याइच्या." त्यांनी चष्मा काढला. "दोन दिवस मी हात शोधून राह्यली होती. पाऊल हाय, हात नाई. आपल्याच कचेरीतल्या ज्या लायनीवरून आला, तिथं दहा जन बसतात आन् दहाइले पासवर्ड ठाव होता. आन् खरं सांगू का? शोधाचं तं एक दिवसाचं काम होतं. एक दिवस मी घाबरून बसली होती. तुह्या पत्रकातलं तेवढं खरं हाय."

"आता?"

"काल साडेचारलेच देऊन आली सायबाले. लॉग, दोन्ही याद्या आन् माह्या हातचा अर्ज. खातं उघडं ठेवाची चूक माही, टेकामचा काई संबंध नाई."

काल साडेचार. त्या वेळी मी छापखान्यात पिवळे कागद मोजून घेत होतो.

काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मला एवढंच सुचलं, "बाई, मला माहीत नव्हतं."

"हो ना. म्हणूनच तं विचारून राह्यली." त्यांनी पेला बाजूला केला आणि पत्रकाच्या तळाशी बोट ठेवलं. "इथं नाव काहून नाई?"

"पत्रक चळवळीचं असतं. एका माणसाचं नसतं."

"वानखडेकाकाचा पासवर्डबी सगळ्याइचाच होता," बाई म्हणाल्या.

मला तेव्हा उठून जावंसं वाटलं आणि जाताही येईना. लहानपणापासून मी ज्या शब्दांच्या मागे उभा राहून ओरडत होतो, जागरूक नागरिक, समस्त जनता, आम्ही सारे, ते सगळे शब्द माझ्यासमोर मोकळे पडले होते आणि त्यांच्यामागे कुणीच दिसत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुरुस्त यादी वर गेली. जायच्या आधी बाईंनी टेकामभाऊला फोन लावला. या वेळी शेवटचंच नाव नाही, पोडातलं प्रत्येक नाव वाचलं. तो पलीकडून प्रत्येक नाव पुन्हा म्हणत होता. नोटीस मागे घेतली गेली. त्याची माफी कुणी मागितली नाही. कागद कुणी बदलला, ते कळलं नाही. ते अजूनही कळलेलं नाही. आमच्या कचेरीतल्या, त्या लाईनीवरच्या, हसून नमस्कार करणाऱ्या प्रत्येक हाताकडे मी पुढे कित्येक दिवस संशयानं बघत राहिलो. हेच त्या उघड्या खात्याचं खरं नुकसान. गुन्हा एकाचा, आणि डोळे चुकवायचे सगळ्यांनी.

बाईंची फाईल परत आली. 'निष्काळजीपणा' असा शेरा होता. कंत्राट संपलं, पुढे दिलं गेलं नाही. मी दुसरं पत्रक लिहिलं आणि त्यांच्या शेवटच्या दिवशी ते घेऊन त्यांच्यापुढे बसलो. पहिलं पत्रक माझं होतं आणि खोटं होतं, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. मग बाईंचं वर्णन. त्यांनी पेन घेतलं आणि 'थोर' शब्दावर आडवी रेघ मारली.

"मी थोर नाई. एक खातं उघडं ठेवलं मी, आन् एक दिवस गप बसली. तेबी लिही. नाईतं लोकं म्हनतील, बाईचा पोट्टा बाईची आरती करून राह्यला."

ते मी लिहिलं. त्याखाली प्रश्न लिहिले: त्या संध्याकाळी त्या लाईनीवर कोण कोण बसलं होतं? मोठ्या गावाची नावं कुणाच्या सांगण्यावरून आली? चोर टेकाम, असं विनाचौकशी व्हरांड्यात ओरडणाऱ्या साहेबांनी आता तेवढ्याच मोठ्यानं काय सांगितलं? उद्गारचिन्ह एकही नव्हतं. तळाशी माझं नाव आणि घराचा पत्ता. बाईंनी ते वाचलं, डबा पिशवीत घातला, खोलीच्या किल्ल्या साहेबांच्या शिपायाकडे दिल्या आणि बाभुळगावच्या गाडीसाठी निघाल्या. स्टँडपर्यंत मी बरोबर गेलो. त्यांची पिशवी माझ्या हातात होती. गाडी लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "जाय आता. वाट तुहे कागदं."

पत्रक वाटल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरासमोर एक जीप उभी राहिली. चार-पाच माणसं उतरली. एकाच्या हातात माझं पत्रक होतं. आईनं खिडकीतून पाहिलं आणि मला मागच्या दारानं जा म्हणून खुणावलं. बाहेरून आवाज आला, "हे लिहिणारा इथंच राह्यते का?"

मी मागच्या दाराकडे दोन पावलं टाकली. पण ती माणसं कुणा दुसऱ्याच्या दारी गेली नव्हती, कुणा तिसऱ्याला धरून विचारत नव्हती. ती बरोबर तळाशी लिहिलेल्या पत्त्यावर, माझ्याच घरी आली होती. मी पुढचं दार उघडलं.